वाटीच्या भोकातलं मेण

फार फार मागे, भिंतीवर घड्याळ टांगायची पद्धत निघाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी तळ्याचा बांध घालायचं काम चाललं होतं. शे-दोनशे माणसं राबत होती. कुणी दगड फोडायचं, कुणी मातीच्या पाट्या वाहायचं. मजुरी मिळायची घटकेवर. एका घटकेला ओंजळभर जोंधळे.

आता घटका मोजायची कशी? बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाणी भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येतं, वाटी भरते आणि बुडते. वाटी बुडाली की एक घटका झाली. राखणदार थाळीवर टोला द्यायचा आणि वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडायचा. दिवसाचे जितके टोले, तितक्या ओंजळी. अशी वाटी साऱ्या पंचक्रोशीत एकच होती.

कामावरचा कारभारी अगदी वाईट माणूस होता, असं मी म्हणणार नाही. पण कोठारातून धान्य निघालं की त्याच्या पोटात दुखायचं. राजाने आपल्याला शाबासकी द्यावी, ही त्याची फार हौस. एके दिवशी आसपास कुणी नाही असं पाहून त्याने वाटीच्या भोकाला मेणाचा कण लावला. भोक अर्धं मिटलं. वाटी सावकाश बुडू लागली, टोले कमी पडू लागले आणि कोठारात धान्य उरू लागलं. राजाने खूश होऊन कारभाऱ्याच्या खांद्यावर शेला घातला. मग काय विचारता! स्वारी शेला पांघरून बांधावर मिरवू लागली.

माणसं काही खुळी नव्हती. पाट्या वाहणारी भिवरा एका संध्याकाळी पुढे आली.

"कारभारी, उजाडल्यापासून अंधार पडेस्तोवर राबते मी. काम तेवढंच, आणि पदरात पडतं कमी. असं कसं हो? पोरं अर्ध्या भाकरीवर निजतात माझी."

कारभारी हसला. "अगं, मी कुठे मोजतो? वाटी मोजते. भांडं खोटं बोलत नाही, भिवरा!"

ती बापडी डोळे पुसत निघून गेली. कारभाऱ्याला मात्र आपलं हे बोलणं इतकं आवडलं, की जो तक्रार घेऊन येईल त्याला तो तेच ऐकवू लागला.

पुढे कारभाऱ्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं. आईविना वाढलेली पोर, त्याने तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. मुहूर्त निघाला सूर्योदयानंतर पाच घटकांचा. मुहूर्तावर त्याचा भारी विश्वास. तो चुकला तर लेकीचा संसार सुखाचा होणार नाही, असं त्याला मनापासून वाटायचं.

आणि मुहूर्त मोजायला वाटी कोणती? तीच की! मानपान, विहिणीचे रुसवेफुगवे, पंगतीचा शिधा, या गडबडीत मेणाची त्याला आठवणच राहिली नाही. लग्नाच्या दिवशी पहाटे जोशीबुवांनी वाटी आणली, हळदकुंकू वाहिलं आणि सूर्य उगवताच पाण्यावर सोडली. पूजेला लागलेली वाटी लग्न लागेपर्यंत जोशीबुवांखेरीज कुणी शिवायची नाही, असा तिथला रिवाज होता.

एक घटका झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. कारभाऱ्याचं लक्ष सहज मांडवाच्या सावलीकडे गेलं. ऊन चांगलंच वर चढलं होतं. आणि एकदम त्याला मेण आठवलं! तो जोशीबुवांकडे धावला.

"बुवा, पाच घटका भरल्या असतील हो. उरका लवकर!"

"घाई कशाला?" जोशीबुवा शांतपणे म्हणाले. "भांडं खोटं बोलत नाही. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

लग्नाला आलेल्या मजुरांसकट सगळा मांडव हसला. भिवरा अक्षता मुठीत धरून उभी होती, ती तेवढी हसली नाही.

कारभारी गप्प बसता, तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्याची लेक हार हातात घेऊन अंतरपाटाआड उभी होती आणि तिचा मुहूर्त हातचा निघून चालला होता. त्याला ते बघवेना. रिवाज मोडून त्याने घंगाळात हात घातला, वाटी बाहेर काढली, नखाने मेण खरवडलं आणि सगळ्यांसमोर धरलं.

"ही वाटी खोटं बोलते," तो म्हणाला. "मीच शिकवलं तिला."

जोशीबुवांनी सूर्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "मुहूर्त टळला, कारभारी."

तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. लेकीने हार खाली ठेवला.

"बाबा, आधी या माणसांचे जोंधळे द्या. तोवर मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

कारभाऱ्याने घरातली कणगी उघडली. एकेकाला बोलावून तो स्वतः ओंजळीने माप घालू लागला. विहीण कुरकुरली, पण नवरदेवाने मुंडावळ्या सोडल्या आणि तो पोती ओढायला लागला. भिवराचा नंबर शेवटी आला. तिच्या पदरात माप पडलं, तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता आणि गुरं धूळ उडवत घरी परतत होती.

जोशीबुवांचा चेहरा उजळला. "अरे, गोरज मुहूर्त! चला, चला! याला वाटी लागत नाही."

भिवराने सकाळच्या अक्षता पदराच्या गाठीत जपून ठेवल्या होत्या. गाठ सोडून तिने नवरीवर पहिल्या अक्षता टाकल्या. "सुखी राहा गं बाई," ती म्हणाली, आणि कारभाऱ्याला पुन्हा रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने शेला राजाला परत केला. कारभारही गेला. तेव्हापासून रोज सकाळी वाटीचं भोक उन्हाकडे धरून सगळ्या मजुरांना दाखवायचं आणि मगच ती पाण्यावर सोडायची, असा नियम झाला. दाखवायचं काम भिवराकडे आलं.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या कष्टाची वेळ जो खोट्या मापाने मोजतो, त्याची स्वतःची वेळही एक दिवस त्याच मापाने मोजली जाते.