अनसूची उलटी उलगडलेली वेणी

अनसूची आई वेण्या विणायची. तिला डोळ्यांनी धूसर दिसायचं, म्हणून अबोली, जुई, दवणा एकेक करून अनसूच तिच्या हातात द्यायची आणि केळीच्या सोपाचा दोरा भिजवून ठेवायची. घरात भाकरी असली तर कालवण नसायचं, कालवण असलं की भाकरी अर्धीच. पोरगी मात्र गुणाची. वाटेतल्या मुंगळ्यालाही वळसा घालून जाणारी. फक्त एका ठिकाणी तिचं घोडं अडायचं, बरं का, आणि ते ठिकाण म्हणजे मैना.

मैनेला आईबाप नव्हते. राणीची बाग सांभाळणाऱ्या ठकूमावशींनी तिला तिथल्याच खोपटात जागा दिली होती, आणि ती देवीच्या वेण्या विणायची. तिची चिमुकली बोटं अशी चालायची की केशरी, पांढरी, जांभळी फुलं आपणहून दोऱ्यात येऊन बसतात असं वाटावं. अनसूही तिथे फुलं वेचायला आणि विणायला जायची. एके दिवशी अनसूची आई बागेत आली, तिने मैनेची वेणी हातांनी चाचपली आणि म्हणाली, वा गं पोरी, किती एकसारखी वीण. झालं! अनसूच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना. आई माझी, आणि कौतुक हिचं?

ती फुरंगटून बागेच्या पार टोकाला गेली. तिथे मोरपंखी रंगाची, इवल्या इवल्या घंटांसारखी फुलं डुलत होती. प्रत्येक घंटेत मधाचा एक पिटुकला थेंब चमचमत होता. अनसूने एक फूल खुडलं आणि त्याचा देठ चोखला. अहाहा! पोटातली जळजळ पळाली, मैना आठवेनाशी झाली, सगळी बाग गुलाबी गुलाबी दिसू लागली. थोड्या वेळाने तो गुलाबी रंग ओसरला आणि मैना पुन्हा आठवली, पहिल्यापेक्षा जास्तच. मग दुसरं फूल खुडलं.

असं ते लागलं ते लागलंच. सकाळी अनसू मनाशी म्हणायची, आज नाही. दुपारी म्हणायची, एकच. संध्याकाळी म्हणायची, उद्यापासून नक्की नाही. तिची बोटं थरथरू लागली, वेण्या सैल पडू लागल्या. आईने विचारलं की सांगायची, ऊन लागलंय. आणि ते फूल काही साधंसुधं नव्हतं. त्याचा थेंब कुणी चोखला की आजूबाजूच्या झाडांच्या कळ्या गळून पडायच्या. हळूहळू अर्धी बाग उघडी बोडकी झाली. ठकूमावशी संतापल्या. सारा वेळ बागेत असतं कोण? मैना. त्यांनी तिला सांगून टाकलं की देवीचा उत्सव झाला की तू आपली वाट धर.

मैना ढसाढसा रडली. आणि खरं सांगू? ते बघून अनसूला घडीभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

हातातली अर्धवट वेणी घेऊन ती धावत घंटाफुलांकडे गेली. फूल ओठाशी नेलं, तोच त्यातून एक इवलीशी परी बाहेर आली. तिचे पंख चंदेरी होते, आणि हातात जुईच्या कळीएवढा दिवा.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "दुसऱ्याचं हिसकावून घेणारी मात्र नको. आणि मागण्याआधी तू काय काय केलंस ते सांग. त्याचं खापर दुसऱ्याच्या माथी फोडलंस तर माझा दिवा मंदावेल. विझला की मी गेले."

अनसूच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तुम्हीच ओळखा. मैनेची बोटं वाकडी होऊ देत! दिवा फडफडला. अनसूने ती इच्छा तशीच गिळली. मग सांगू लागली, की आईने मैनेला डोक्यावर चढवलं. दिवा मंदावला. की मैनाच मुद्दाम छान विणून दाखवते. आता दिव्यात काजव्याएवढा उजेड उरला.

अनसू रडवेली होऊन मांडीवरच्या वेणीकडे बघत बसली. वीण पार चुकली होती. वेणीत चुकलेली गाठ मधूनच सोडवता येत नाही, हे आईने तिला लहानपणीच शिकवलं होतं. शेवटच्या फुलापासून मागे मागे उलगडत जावं लागतं. सवयीने तिची बोटं उलगडू लागली आणि बोटांबरोबर जीभही.

"आज मैना रडली, मला बरं वाटलं," ती म्हणाली आणि एक अबोली सुटली. "ऊन लागलं नव्हतं. आईशी खोटं बोलले." दवणा सुटला. "रोज उद्या म्हटलं आणि रोज चोखलं. बाग मी उजाड केली."

दिवा वाढत होता. अगदी पहिल्या गाठीपाशी येऊन अनसू अडली. तिला तो दिवस आठवला. कौतुक झाल्यावर मैना तिच्यामागे धावत आली होती. म्हणाली होती, फुलं तूच वेचलीस ना, ही वेणी आपल्या दोघींची म्हणून सांगू या. अनसूने तिचा हात झिडकारला होता.

"तिने मला अर्धं दिलं होतं गं," अनसू हुंदके देत म्हणाली. "मी घेतलं नाही. मला सगळं हवं होतं."

दिवा लख्ख झाला. अनसूने इच्छा मागितली, मैनेला इथून जावं लागू नये. परीने तिच्या गालावरून पंख फिरवला. "मला सांगितलंस तेच ठकूमावशींना सांग, सोनुले. बाकीचं मी बघते."

ते सगळ्यांत अवघड होतं. तरी अनसू गेली. मैनेसमोर, आईसमोर तिने अथपासून इतिपर्यंत सांगितलं, कुणाच्याही माथी खापर न फोडता. ठकूमावशींनी मैनेला जवळ घेतलं आणि तिची माफी मागितली. आईने चाचपत अनसूचे थरथरते हात शोधले आणि आपल्या हातांत धरून ठेवले.

तेवढ्यात परीने दिवा झटकला. सोनेरी चुरा उडाला आणि उघड्या फांद्यांवर टिपटिप कळ्या फुटल्या. ती घंटाफुलंही उपटून टाक, अनसू म्हणाली. परीने मान हलवली.

"ती राहतील. त्यांचा वास रोज येईल. आला की उलगडायला बस," ती म्हणाली आणि झगमगत्या उजेडात दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी वास आलाच. अनसूचे पाय तिकडे वळलेही. मग ती थांबली आणि मैनेशेजारी येऊन बसली.

"मैने, तुझी वेणी माझ्यापेक्षा सुंदर झालीय, आणि माझ्या पोटात दुखतंय."

मैना जराशी सरकली आणि तिने दोऱ्याचं दुसरं टोक अनसूच्या हातात दिलं.

वेणी चढली देवीला, गोष्ट मिळाली तुम्हाला.