बकुळीकडे जाणारा उतार

फार पूर्वीची गोष्ट. राजे-राण्या निघून गेल्या होत्या, पण त्यांचे महाल अजून उभे होते, त्या काळातली. एका गावात एक गुराखी राहत होता. सकाळी गावाची गुरं रानात न्यायची, संध्याकाळी परत आणायची, एवढंच त्याचं काम. त्याच्या बायकोचं नाव गोजरा.

गावाबाहेर एक बागमहाल होता. कुणा एका राणीने तो हौसेने बांधला होता. भोवती मोठी बाग, मधोमध कारंजं आणि चारी बाजूंनी उंच दगडी भिंत. मरताना राणी सांगून गेली होती, "माझी बाग सगळ्यांना उघडी ठेवा." तिचे वंशज दूर देशी राहायला गेले, पण तिचा शब्द मोडला नाही. एक कारभारी नेमला होता, तो महालाची देखरेख करायचा. बागेचा दरवाजा कधी बंद नसे. कुणीही यावं, सावलीत बसावं, पाणी प्यावं, जावं.

दरवाजाशी तेवढ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या. फार नव्हत्या, पण उंच होत्या. ज्याचे पाय धड होते, त्याला त्या दिसतही नसत.

गोजरा तरुणपणी या बागेत कामाला होती. खुरपायची, आळी करायची, पाणी घालायची. एकदा तिने कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत बकुळीचं रोप लावलं. म्हातारा माळी हसून म्हणाला, "बकुळ लावतेस, पोरी? ती फुलेपर्यंत तुझे केस पांढरे होतील."

"होऊ देत की," गोजरा म्हणाली. "मी कुठे पळून चालले आहे?"

पुढे गावात तापाची साथ आली. गोजरा वाचली, पण तिचे पाय गेले. कमरेखाली काही म्हणता काही हलेना.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात गुराखी तिला पाठुंगळीला घेऊन बागेत न्यायचा. बकुळीपाशी बसवायचा. रोप आधी गुडघ्याएवढं झालं, मग कमरेएवढं, मग त्याच्याकडे बघताना गोजरेला मान वर करावी लागली. फूल मात्र नाही.

"फुलेल," ती म्हणायची. "तिला कुठे घाई आहे?"

झाडाला घाई नव्हतीच. पण गुराख्याच्या पाठीला वय झालं होतं. एका वर्षी त्या उंच पायऱ्यांवर त्याचा गुडघा लचकला आणि दोघं खाली आली.

"लागलं का गं?"

"मला नाही. तुम्हाला?"

"छे."

दोघंही खोटं बोलली. पण त्यानंतर गोजरा पुन्हा त्याच्या पाठीवर बसली नाही.

कारभाऱ्याच्या कानावर हे गेलं. माणूस वाईट नव्हता. त्याला वाईट वाटलं, म्हणून त्याने महालातली जुनी पालखी आणि चार भोई पाठवले. गोजरा पालखीत बसली. भोयांनी तिला थेट कारंज्यापाशी नेऊन ठेवलं.

"मला तिकडे न्या रे, बकुळीकडे," ती म्हणाली.

"पालखी कारंज्यापाशीच थांबते, मावशी. तशी रीत आहे," भोई म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी तिला उचललं आणि घरी आणून सोडलं.

शेजारणी म्हणाल्या, "गोजरे, देवासारखी मिरवलीस की गं!"

"देवाचं बरं असतं," गोजरा म्हणाली. "त्याला कुठे जायचं नसतं."

मग गुराख्याने तिच्यासाठी एक बुटका गाडा केला. एक फळी, खाली लोखंडी धाव बसवलेली लाकडी चाकं. हातात दोन लाकडी ठोकळे धरायचे आणि जमिनीला रेटा द्यायचा, की गाडा पुढे सरके. पंधरवड्यात गोजरा गावभर फिरायला लागली. विहिरीवर जाऊन बायकांशी भांडायची, वाण्याला वजनावरून टोचायची, देवळात जाऊन पुजाऱ्याला सांगायची की घंटा जरा खाली बांधा. तिला आता फक्त एकच ठिकाण राहिलं होतं.

त्याच उन्हाळ्यात गुराखी बागेच्या भिंतीलगत गुरं चारत होता. वाऱ्याबरोबर वास आला. त्याने ओळखला. गुरं तशीच सोडून तो घरी धावला.

"गोजरा, बकुळ फुलली!"

 गोजरेने केसांवरून हात फिरवला. केस पांढरे झाले होतेच.

गुराख्याने मग काय केलं, तर घराचं दार उतरवलं. दार दोन जाड फळ्यांचं होतं. त्याने आडव्या पट्ट्या काढल्या, फळ्या डोक्यावर घेतल्या आणि बागेकडे निघाला. मागून गोजरा गाडा रेटत होती.

"अहो, रात्री कुत्री शिरतील घरात!"

"शिरू देत. चोरायला काय आहे?"

त्याने दोन फळ्या पायऱ्यांवर तिरप्या टाकल्या, मधे चाकांपुरतं अंतर ठेवलं. तेवढ्यात कारभारी बाहेर आला.

"हे काय रे?"

"उतार केलाय, कारभारी. हिला बकुळ बघायची आहे. बघून झालं की लगेच उचलतो."

कारभाऱ्याने फळ्यांकडे पाहिलं. त्यांना शेण लागलं होतं, खिळ्यांची भोकं होती, एकीवर गोजरेने कधीतरी हळदी-कुंकवाची बोटं उमटवली होती. त्याने पायऱ्यांकडे पाहिलं. रोज सकाळी तो त्या स्वतः पुसून घ्यायचा.

"राणीसाहेबांच्या दारात असल्या फळ्या?" तो कळवळून म्हणाला. "बाबा, असं नको. तुझं म्हणणं खरं आहे, उतार हवाच. आजवर आमच्या डोक्यात आलं नाही, ही आमचीच चूक. पण करायचं तर महालाला शोभेल असं करू. याच काळ्या दगडाचा उतार बांधू. मी शब्द देतो. या फळ्या घरी ने."

गुराख्याला भरून आलं. आपल्या गोजरेसाठी राणीच्या दारात दगडी उतार! त्याने वाकून नमस्कार केला आणि फळ्या उचलल्या.

गोजरा पायऱ्यांच्या खाली गाड्यावर बसली होती. वर बघून ती म्हणाली, "कारभारी, आजच्या दिवस फळ्या राहू द्या की. दगड यायचा तेव्हा येईल."

"थोडा धीर धर, बाई. होणार ते चांगलंच होऊ दे."

दोघं परत आली. गुराख्याने दार पुन्हा बसवलं.

कारभारी शब्दाचा पक्का होता. पण दगड त्याच खाणीचा हवा होता, जिथून राणीने पायऱ्यांचा दगड आणवला होता. त्या खाणीत पाणी भरलेलं. ते उपसण्यात एक उन्हाळा गेला. पुढच्या उन्हाळ्यात दगड निघाला, पण रंगात फरक पडला म्हणून परत पाठवला. मग पाथरवट आले. उतारावर कमळं कोरायची की मोर, यावर त्यांचं एकमत होईना. काम तेवढ्यावर थांबलं.

गुराखी दर वेळी जाऊन बघून यायचा आणि गोजरेला सांगायचा.

"कमळं ठरली."

"माझ्या गाड्याखाली कमळं?" गोजरा हसायची. "मी काय लक्ष्मी आहे?"

फुलांच्या दिवसांत तो पागोट्याच्या टोकात बकुळीची फुलं बांधून आणायचा. ती वास घ्यायची आणि बाजूला ठेवायची.

"फुलं छानच आहेत. पण मला झाड बघायचंय. मला ते ओळखतं का, ते बघायचंय."

दिवस जात होते. आधी गोजरा गाव फिरायची. मग विहिरीपर्यंत जायला लागली. मग अंगणापर्यंत. ठोकळे तिला जड व्हायला लागले. एकदा गुराखी घाबरून कारभाऱ्याकडे गेला. फळ्यांचं पुन्हा विचारायचं, असं वाटेत ठरवत गेला. कारभाऱ्याने त्याचा हात धरला आणि नुकत्याच घासलेल्या चिऱ्यावर ठेवला.

"फिरव हात. फिरवून बघ."

दगड लोण्यासारखा होता. गुराख्याला आपल्या शेणाने माखलेल्या फळ्यांची लाज वाटली. फळ्यांचं न विचारताच तो घरी आला. पुढे आयुष्यभर त्याला त्या दिवसाचं वाईट वाटत राहिलं.

शेवटी उतार झाला. असा उतार पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता. काळाभोर, आरशासारखा, कडेने कमळांची वेल. राणीच्या पुण्यतिथीला तो खुला करायचं ठरलं. दूर देशाहून वंशज आले, पाहुणे आले, ताशा वाजला. आणि बकुळही त्या दिवसांत फुलली होती.

गोजरेने नवं लुगडं नेसलं. रस्ताभर गुराखी गाडा मागून ढकलत होता, पण उतार दिसल्यावर ती म्हणाली, "आता सोडा. इथून मी जाते."

उताराच्या तोंडाशी झेंडूची माळ आडवी बांधली होती. पाहुणे अनवाणी वर जात होते, वाकून दगडाला हात लावत होते. गोजरा माळेपर्यंत आली. कारभारी पुढे झाला. त्याची नजर गाड्याच्या चाकांवर होती.

"चाकांना लोखंड आहे गं," तो हळूच म्हणाला. "चरे पडतील."

गुराख्याने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचं पागोटं सोडलं, दातांनी फाडलं आणि खाली बसून चारी चाकांना गुंडाळलं. भर लोकांत त्याचं टक्कल उघडं पडलं. काही जण हसले.

"आता नाही पडणार," तो म्हणाला.

कारभाऱ्याने माळेला हात घातला. ती सोडायला फार काही लागलं नसतं. पण त्याने मागे वळून चकचकणाऱ्या दगडाकडे पाहिलं. किती वर्षं गेली होती त्यात! पहिल्याच दिवशी ओरखडा पडला तर?

"आज पाहुणे आहेत," तो म्हणाला. "एवढा आजचा दिवस जाऊ दे. जाड गादी अंथरून घेतो, मग उद्या सावकाश ये. एक जरी ओरखडा उठला तर राणीसाहेबांना काय तोंड दाखवू?"

"त्यांची-तुमची भेट कधी व्हायची, देव जाणे," गोजरा म्हणाली. "मी आज आले होते."

तिने ठोकळे जमिनीला लावले आणि गाडा वळवला. त्याला तिला बराच वेळ लागला. कुणी मदत करायला आलं, तर तिने मानेनेच नको म्हटलं.

"चला, घरी," ती नवऱ्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्याने खरंच गादी अंथरली. गोजरा आली नाही. तिला ताप भरला होता. पाऊस लागायच्या आधी ती गेली.

उतार राहिला. लांबून लोक तो बघायला येत. त्यावरून गाडा नेऊ नये, काठी टेकू नये, असा नियम झाला. झेंडूच्या माळेच्या जागी रेशमी दोर आला. गावचे लोक आधीसारखेच शेजारच्या पायऱ्या चढून आत जात.

वर्षं लोटली. कारभारी म्हातारा झाला, त्याच्या जागी नवा आला. म्हाताऱ्याचे गुडघे गेले. मुलांनी त्याला चाकं लावलेली खुर्ची करून दिली. एका उन्हाळ्यात त्याला बाग बघावीशी वाटली. मुलं त्याला दरवाजाशी घेऊन गेली. नवा कारभारी अदबीने पुढे आला.

"काका, चाकं वर नेता येणार नाहीत. नियम तुमचाच आहे."

म्हातारा बराच वेळ त्या दोराकडे बघत बसला. मग मुलांना म्हणाला, "मला त्या गुराख्याकडे न्या."

गुराखी घरात एकटाच दोरी वळत बसला होता. चौकट होती, पण तिला दार नव्हतं.

"आहेस का रे?"

"या, कारभारी. थेट आत या."

खुर्ची कशालाही न अडता आत आली. गुराख्याने तांब्याभर पाणी दिलं.

"त्या दोन फळ्या," म्हातारा म्हणाला, "अजून आहेत का?"

"नाहीत. गोजरेला शेवटची आंघोळ त्यांच्यावर घातली. मग तिच्याबरोबरच सरणावर दिल्या."

म्हाताऱ्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"मग दुसरं दार नाही केलंस?"

"कशाला? आत राखण्यासारखं कुणी राहिलं नाही. आणि कुणाला यायचं झालं, तर अडायला नको."

बाहेर वारा सुटला. बागेकडून बकुळीचा वास आला आणि उघड्या चौकटीतून आत शिरला. दोघांनाही तो कळला. 

"झाड केवढं झालं असेल रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ठाऊक नाही," गुराखी म्हणाला. "ती गेल्यापासून मीही आत गेलो नाही."

तिकडे भिंतीआड बकुळीखाली फुलांचा सडा पडत होता. ज्या बाईने ते झाड लावलं, तिने तो कधीच पाहिला नाही.

तात्पर्य एवढंच: दाराशी आलेल्या माणसाला आज दोन फळ्या टाकून आत घ्यावं. आपण बांधत असलेली सुंदर वाट पुरी होईल तेव्हा, तिच्यावरून यायला तो असेलच असं नाही.