तिसरा खटका

"तुम्ही मला अर्धीच विद्या दिलीत का, उस्ताद?"

सयाजीनं पाना फरशीवर आपटला. तो उडून भिंतीशी गेला.

दस्तगीर उस्ताद स्टुलावर बसून बशीतला चहा पीत होते. मिरज रस्त्यावरचं हे गॅरेज पूर्वी त्यांचं, आता सयाजीचं. उस्ताद जुम्म्याची नमाज झाली की येऊन बसत आणि कुणी विचारलं तरच बोलत.

"दोन गिअरबॉक्स फुटले. दोन्हींचा तेलाचा पंप आतून तडकला. आणि तुम्ही खुशाल चहा पिताय."

"...निवतोय तो."

सयाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी म्हणाल तर काय, वीस वर्षांची खटारा पिकअप. पण ती झेंडू पिकवणाऱ्या जिनगोंडाची होती, आणि उसाच्या ट्रॉलीखाली सापडून जिनगोंडाचा डावा पाय गेला होता. क्लच दाबणार कशानं? तेव्हा सयाजीनंच छाती ठोकून सांगितलं होतं, भंगारातल्या मोठ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हिला बसवतो, दसऱ्याचा झेंडू तू स्वतः बाजारात नेशील. दसरा चार दिवसांवर आला होता. हा तिसरा बॉक्स, आणि असला आणखी एक अख्ख्या जिल्ह्यात नव्हता.

"भंगारवाल्यानं फसवलं मला," सयाजी धुसफुसला. "माल मुळातच खराब."

"बसवलास कसा?"

"कसा म्हणजे? सगळे बसवतात तसा. इंजिन आणि बॉक्समध्ये बोटभर फट राहते. आठ बोल्ट घालायचे, आवळत न्यायचे. फट मिटते."

"आणि मग?"

"...आतून कट्ट आवाज येतो."

उस्ताद उठले. ताटलीतले आठही बोल्ट त्यांनी उचलले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

"बसव आता."

"बोल्टाशिवाय? चेष्टा करताय का माझी?"

उस्ताद पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

सयाजी दातओठ खात गाडीखाली शिरला. जॅकवरचा बॉक्स त्यानं खांद्यानं रेटला, गुडघा लावला, शिव्या दिल्या. फट बोटभरच राहिली. त्यानं बॉक्सला लाथ घातली आणि स्वतःचाच अंगठा सुजवून घेतला.

"खाली घे," उस्ताद म्हणाले.

"सकाळपासूनची मेहनत आहे ही."

"खाली घे म्हटलं ना." उस्तादांचा आवाज चढलेला सयाजीनं वीस वर्षांत ऐकला नव्हता.

त्यानं बॉक्स खाली घेतला. तोंडाशी कन्व्हर्टर होता, भोपळ्याएवढी जड लोखंडी डबी. इंजिनाचा जोर हीच गिअरबॉक्सला पोचवते, आणि ती पंपात पार आतपर्यंत बसावी लागते. सयाजीनं ती दोन्ही हातांत धरली आणि रागानंच गरकन फिरवली.

खट्.

पुन्हा फिरवली. खट्.

"बसला," तो म्हणाला. "दोन खटके. प्रत्येक वेळी एवढंच होतं."

उस्तादांनी बशी पुन्हा तोंडाला लावली.

"बसलाय म्हणतो ना मी."



सयाजीनं चिडून पुन्हा हात घातला. जोरानं दाबलं, काही हललं नाही. हिसका दिला, काही हललं नाही. शेवटी हात दमले. दमल्या हातांनी तो नुसताच डबी फिरवत राहिला, दाबणं सोडून, जात्याचा खुंटा फिरवावा तसा.

खट्.

डबी बोटभर आत गेली.

सयाजी तिच्याकडे बघत राहिला. मग मुकाट्यानं बॉक्स वर चढवला, तळवे लावले आणि हलकेच ढकललं. बॉक्स इंजिनाला जाऊन टेकला. फटीत नखसुद्धा शिरेना. म्हणजे आजवर बोल्टांनी फट मिटवली नव्हती, डबी पंपावर दाबून तो फोडला होता.

तो गाडीखालून बाहेर आला आणि हात पुढे केला. उस्तादांनी खिशातले बोल्ट एकेक करून त्याच्या तळहातावर ठेवले.

आठवा बोल्ट हातात आला आणि सयाजीचा राग पुन्हा उसळला. या वेळी त्याचे डोळेही भरले होते.

"एवढंच होतं, तर आधी का नाही सांगितलंत? दोन बॉक्स गेले माझे. जिनगोंडा बिचारा रोज फोन करून विचारतोय."

उस्तादांनी भिंतीशी पडलेला पाना उचलला, सदऱ्याला पुसला आणि त्याच्यापुढे धरला.

"शिकवतानाच सांगितलं होतं की, तीन खटके. तेव्हा तुझ्या हातात हा होता."