घडीतलं वासरू

फार मागची गोष्ट आहे, पोरांनो. कुमुदबाई मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढायच्या. एकदा त्यांनी समोरासमोरच्या दोन पानांवर पेन्सिलीनं गाय काढली आणि तिच्यापुढं वासरू काढलं. मग सवयीप्रमाणे कागद मधोमध दुमडून पाहिला, तर वासराचं तोंड घडीत गडप!

"पुस्तक शिवलं की हे दिसायचंच नाही," असं पुटपुटत बाईंनी खोडरबर उचलला.

वासरू थरथरलं. "आई, तो बघ आला!"

"रबरदादा, एकच लेकरू आहे हो माझं," गाय म्हणाली.

"अगं माय, मी काय हौसेनं येतोय?" खोडरबर म्हणाला. "इथंच राहिलं तर शिवणीत जाईल ते."

"आणि बाईंनी मला परत काढलंच नाही तर?" वासरानं विचारलं.

खोडरबर वासराजवळ कागदावर टेकला. "ते माझ्या हातात नाही, बाळा. डोळे मीट."

वासरानं डोळे मिटले. जागा कोरी झाली. तेवढ्यात बाई चहा करायला उठल्या, आणि गाय त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. तिचा जीव नुसता टांगणीला लागला.

चहा पिऊन बाई आल्या, पेन्सिलीला टोक केलं, आणि वासरू गाईच्या पोटाशी उभं राहिलं. डोळे उघडून त्यानं आधी खोडरबर शोधला. तो टेबलाच्या कडेला पडला होता, वासराएवढा झिजून.