काळ्या डोळ्याच्या गुंजा

डोंगरांच्या कुशीत गुंजपूर नावाचं गाव होतं. नकाशात शोधू नका बरं, उगाच डोळे दुखतील. तिथे रुपये नव्हते, नाणी नव्हती. लालचुटूक, काळ्या डोळ्याच्या इवल्या इवल्या गुंजांवर सगळा बाजार चालायचा. (तोंडात मात्र घालायच्या नाहीत हं, विषारी असतात!) गुंजांचा वेल साऱ्या गावात एकच, तळ्याकाठच्या बागेत, आणि तोही भारी चिक्कू. वर्षाकाठी चार ओंजळी शेंगा द्यायचा.

त्या गावात शेवंती आणि तिची आई केरसुण्या बांधून पोट भरायच्या. केरसुणी खपली तर भाकरी. नाही खपली, तर आई तांब्याभर पाणी पिऊन म्हणायची, "मला भूकच नाही गं." शेवंतीला ते खोटं कळायचं, आणि रडूही यायचं.

शेजारी गेनूआबा एकटेच राहायचे. त्यांची लेक सगुणा डोंगरापलीकडे सासरी होती. तिला मुलगी झाली होती आणि पौर्णिमेला बारसं होतं. पाळण्यावरचे पोपट बाळाच्या आजोबांनीच आणायचे, तेही नाव ठेवायच्या आधी, अशी त्या भागातली रीत. आबांनी शिंदीच्या पानांचे हिरवेगार, चिमुकले पोपट विणले होते. हरबाच्या बैलगाडीत बसायला गाडगंभर गुंजा लागायच्या. त्या आबांनी किती वर्षं एकेक करून साठवल्या होत्या.

"या पोपटांखाली माझी नात झोपेल बघ," आबा म्हणायचे, आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा उजळायचा.

एका पहाटे शेवंती तळ्याकाठी गेली. दवाने चमचमणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी फडफडत होतं. फुलपाखरू? छे, परी! करंगळीएवढी, गुलाबी झग्याची, निळ्याजांभळ्या पंखांची. शेवंतीने हलक्या हाताने एकेक धागा सोडवला.

"गुणाची गं माझी बाय," परी म्हणाली. "दोन इच्छा माग. पण दिलेलं मी परत घेत नाही. आणि दुसरी इच्छा साऱ्या गावासमोर मागावी लागेल."

शेवंतीने स्वतःच्या फाटक्या परकराकडे पाहिलं. सोनचाफ्याच्या रंगाचा नवा परकर तिला कधीपासून हवा होता. पण तिला आईचा पाण्याचा तांब्या आठवला.

"गावात सगळ्यांना टोपली टोपली भरून गुंजा दे!"

"गुंजा? भाकऱ्या नकोत?"

"गुंजा असल्या की भाकरी मिळतेच की!"

परीने नुसते पंख झटकले आणि माणशी एक टोपली गुंजा घराघरात सांडल्या. काय तो आनंद! अंगणं लाल झाली, पोरं गुंजांत लोळली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव भाकऱ्या विकणाऱ्या गंगूमावशीकडे धावलं. गुंजा वाढल्या होत्या, भाकऱ्या मात्र रोजच्याच होत्या. एकाने दोनऐवजी दहा गुंजा दिल्या, दुसऱ्याने वीस. आठवड्यात एका भाकरीला ओंजळ लागायला लागली.

"मी काय करू बाई?" गंगूमावशी वैतागून म्हणाली. "ज्वारीवालासुद्धा पोत्याला टोपली मागतोय!"

शेवंतीची टोपली संपली, आईची संपली, आबांचीही संपली. आईच्या हातात पुन्हा तांब्या आला.

पौर्णिमेच्या सकाळी आबा धुतलेलं धोतर नेसून, एका हातात पोपट आणि दुसऱ्या हातात गाडगं घेऊन गाडीपाशी आले.

"आबा, गाडग्यात काय होतंय आता?" हरबा म्हणाला. "चार टोपल्या लागतात. बैलांना वैरण घ्यायचीय मला."

ज्यांच्या घरात माणसं जास्त, ते टोपल्या ओतून गाडीत चढले. आबा गाडग्याकडे बघत उभे राहिले. त्यातली एकही गुंज कुणी चोरली नव्हती, तरी गाडगं रिकामं झाल्यासारखंच होतं.

शेवंती बागेत धावली. परीला घेऊन परतली, तोवर गाडी खिंडीपलीकडे गेली होती.

भर बाजारात, साऱ्या गावासमोर ती रडत म्हणाली, "या गुंजा मी मागितल्या. मला वाटलं, सगळ्यांचं भलं होईल. चुकलं माझं. परी, या नव्या गुंजांचे काळे डोळे मिटू देत. आबांच्या गुंजांना पहिल्यासारखं मोल येऊ दे."

नव्या गुंजांचे डोळे टपाटप मिटले, आणि मिटल्या डोळ्याची गुंज कोण घेणार? लोक खूप चिडले, आणि ते साहजिकच होतं. गंगूमावशीने भाकऱ्या भाजून मिळवलेल्या गुंजाही त्यात गेल्या. शेवंती तिला पुढे हिवाळाभर फुकट केरसुण्या देत राहिली.

"स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस," परी हळूच म्हणाली. तिने फाटक्या परकराला बोट लावलं, तो सोनचाफ्यासारखा पिवळाधमक झाला. मग एक शुभ्र झगमग उठली आणि परी त्यात विरून गेली. शेवंतीने परकराकडे पाहिलंही नाही. ती खिंडीतली धूळ बघत होती.

"आता माझ्याविनाच नाव ठेवतील," आबा म्हणाले. "रडू नको पोरी. तू वाईट कुठं चिंतलं होतंस?"

गाडी वर्षातून एकदाच जायची. पुढच्या वर्षी आबांनी गाडगं दिलं आणि शेवंतीला मांडीवर घेतलं, म्हणून हरबाने तिचं भाडं सोडलं. सगुणाच्या दारात एक गोबरी पोर दुडुदुडु धावत आली. आबांनी पोपट पुढे केले. एव्हाना ते पिवळे पडले होते.

तिने एक पोपट ओढून घेतला, दोरीने अंगणभर फरफटवला आणि खिदळली. आबाही हसले. मग त्यांनी आत डोकावून विचारलं, "सगुणे, पाळणा कुठंय गं?"

"माळ्यावर टाकला, आबा. ती आता झोपत नाही त्यात."

आबा उरलेले पोपट हातात धरून दारातच उभे राहिले. शेवंती त्यांचा हात धरून शेजारी उभी राहिली.