उणे आठ कुठे ठेवायचे

“...पण ते नऊ आले कुठून?” चन्नय्या गुरुजींनी विचारलं.

मठाच्या ओसरीतल्या फळ्यावर भूपालने गणित सोडवलं होतं. एका संख्येच्या वर्गात तिची सहापट मिळवली की सोळा होतात. ती संख्या कोणती? भूपालला उत्तरं पाठ होती. दोन, किंवा उणे आठ.

“सहाचे निम्मे तीन, तिनाचा वर्ग नऊ. तो दोन्ही बाजूंना मिळवायचा, गुरुजी.”

“का?”

“...रीतच आहे तशी.”

गुरुजी तापाने अंथरुणाला खिळले तेव्हा दहावीला बसलेल्या मोठ्या माणसांचा हा वर्ग भूपालनेच चालवला होता. विद्यापीठात पहिला आलेला मुलगा. त्याला या कामात फारसं काही अवघड वाटलं नव्हतं.

“फरशी बसवणारी शेवंता आठ दिवस वर्गाला का आली नाही?”

“तिला झेपत नव्हतं.”

गुरुजींनी खडू घेतला. एक चौकोन काढला, त्याची बाजू म्हणजे ती संख्या. त्याच्या उजवीकडे तीन रुंदीची पट्टी, खाली तशीच दुसरी. कोपरा रिकामा राहिला.

भूपालचे कान तापले. तीन बाय तीनचा कोपरा. नऊ तिथे होते. दहा वर्षं त्याने ते नऊ वापरले होते, पाहिले मात्र कधीच नव्हते.

आणि हीच आकृती त्याने शेवंताच्या पाटीवर पाहिली होती.

“खोटं बोललो मी,” तो म्हणाला. “तिने हेच काढलं होतं. म्हणाली, सर, बाजूत दोन दिसतात. उणे आठ कुठं ठेवायचे?”

“मग?”

“...मी पाटी पुसली. म्हणालो, फरशा बसवायच्या असतील तर बाहेर जा.”

“वर्ग हसला?”

भूपालने मान खाली घातली. सगळे हसले होते. सगळ्यात आधी तो स्वतः.

गुरुजी फडक्याने हात पुसत राहिले... मग आत निघून गेले.

शेवंता बाजारपेठेतल्या नव्या इमारतीत फरशी बसवत होती. खोलीत एकटीच होती. भूपाल दारात उभा राहिला. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

“शेवंताबाई, त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं,” तो म्हणाला. “म्हणून हसलो.”

तिने हातातली फरशी दाबून बसवली. कडेचं सिमेंट बोटाने काढलं.

“म्हणजे माझं विचारणं चुकलं नव्हतं?”

“नव्हतं.”

“आठ दिवस मला वाटत होतं, आपण उगाच या वयात पाटी घेतली.”

भूपालला तिच्याकडे बघवेना. तो जमिनीकडे बघत राहिला. तिथेही तिच्याच हातच्या फरशा होत्या, एकही उंचसखल नाही.

“उद्या येते,” ती म्हणाली, आणि पुढची फरशी उचलली.

तो परतला तेव्हा गुरुजी ओसरीत बसले होते.

“ती येतेय, गुरुजी. मला उत्तर येत नव्हतं, हे तिच्याजवळ कबूल केलं. पण उणे आठ कुठे ठेवायचे, ते मला अजून सांगता येत नाही. उद्या वर्गात उभा राहून काय शिकवू?”

गुरुजींनी खडू त्याच्या हातावर ठेवला.

“आज तिच्या एकटीसमोर बोललास ना... तेच, सगळ्यांसमोर.”