तिघांचे तीन सा

पोस्टरवर चारऐवजी तीनच फोटो होते; शलाकाचा नव्हता. रविवारी तिच्या घरी जमणाऱ्या चौघांना मिरजेच्या महोत्सवात बोलावलं होतं; ती गायची, बाकी तिघं वाजवायचे. पोस्टरवर 'सुपरग्रुप' छापलं होतं.

महोत्सवाच्या मांडवात ती तिघांबरोबर स्टेजवर चढली, तेव्हा आयोजक बर्गेसाहेब म्हणाले, "सुपरग्रुप म्हणजे आपापले बँड गाजवलेली मोठी नावं. तुझा कुठला बँड, पोरी? खाली बस."

खरंच तसं असतं? मग इतके रविवार आपण कोण होतो? तिला काही कळेना. चाचरत म्हणाली, "बसते. पण साहेब, यांना आधी एक सा तर लावू द्या."

सतार, व्हायोलिन, बासरी. तिघांनी आपापल्या बँडचा सा लावला आणि मांडवात कालवा झाला.

"अहो, जुळवा की!" साहेब खेकसले.

"कुणाच्या सुराला?" तिघंही एकदम म्हणाले.

"मोठी नावं जमली, साहेब," शलाका पुटपुटली. "आता यात ग्रुप कुठंय, तेवढं दाखवा."

तिनं खालूनच घाबरत आपल्या गळ्याचा सा लावला, रविवारी तिघं ज्याला वाद्यं जुळवायचे तो. कुणी हललं नाही. तिनं पुन्हा लावला.

बासरीवाल्या मुजावरांनी हातातली बासरी खाली ठेवली, पिशवीतून तिच्या पट्टीची, रविवारची काढली, आणि तिच्या सुराला सूर दिला.